ग्वांगझू: कारखान्यांच्या आधीपासूनचा बाजार

प्रश्न असा आहे: ग्वांगझू, म्हणजे जुनं कँटन, इतकं जुनं असूनही चीनच्या व्यापारात आजवर पहिल्या रांगेत कसं राहिलं? तिथली अर्थव्यवस्था चालते कशावर? आणि भिवंडी किंवा इचलकरंजीहून पहिल्यांदा खरेदीला जाणाऱ्यानं यातून काय समजून घ्यावं? छोट्या व्यापाऱ्यांसाठी तिथून अस्तर, लेस, चेन-बटणं आणि घरगुती वापराच्या वस्तू आणून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, पण विषयच तसा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. ग्वांगझूला कारखान्यांचं शहर समजून जाऊ नका. कारखाने तिथे आहेत, मोठमोठे आहेत, पण या शहराचा मूळ धंदा आडतीचा. दुसरीकडे तयार झालेला माल गोळा करायचा, त्यावर शेवटचा हात फिरवायचा, परक्या गिऱ्हाइकाला त्याची हमी द्यायची आणि जहाजात चढवून द्यायचा. हे काम या शहराने बाराशे-तेराशे वर्षं केलं. सत्ता बदलल्या, माल बदलला, वाहनं बदलली, आडत मात्र चालू राहिली. हे एकदा ध्यानात आलं की तिथल्या बाजारातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

नकाशा पाहिला तर कारण दिसतं. पश्चिमेकडून, उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येणाऱ्या तीन नद्या इथे पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात एकत्र येतात. उत्तरेकडची नदी धरून वर गेलं की मेईलिंगची खिंड लागते. इ.स. ७१६ मध्ये तांग राजवटीने ती रुंद करून नीट रस्ता काढला. खिंड ओलांडली की पलीकडच्या नद्यांमधून थेट यांगत्सेपर्यंत नावेने जाता येतं. म्हणजे चीनच्या पोटातला माल डोंगराचा तेवढा एक टप्पा हमालांच्या पाठीवरून आला की बाकी सगळा पाण्यावरून ग्वांगझूला उतरायचा. समोर दक्षिणेला समुद्र, आणि अरबस्तान, भारत, मलाक्का इथून मोसमी वाऱ्यावर येणारी गलबतं. शहर नदीच्या मुखापासून बरंच आत असल्यामुळे वादळांपासून आणि चाच्यांपासून आडोसाही होता.

प्राचीन काळावर फार रेंगाळत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८३ मध्ये शहरातल्या एका टेकडीवर बांधकामासाठी खोदताना नानयुए राज्याच्या दुसऱ्या राजाची कबर सापडली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. त्यात रेशमी धाग्याने शिवलेला जेडचा पोशाख होता. पण माझ्यासारख्या माणसाचं लक्ष जातं ते इतर वस्तूंकडे: इराणी घडणीची चांदीची डबी, आफ्रिकी हस्तिदंत आणि धूपाची राळ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या सामानात परदेशी माल! तांग काळात, इ.स. ७१४ च्या सुमारास, चीनच्या बादशहाने समुद्री व्यापारावर देखरेख ठेवणारा पहिला अधिकारी नेमला तो याच शहरात. अरब व्यापाऱ्यांची वस्ती तेव्हा इतकी मोठी होती की त्यांच्या हुआईशेंग मशिदीचा मिनार जहाजांना दिशा दाखवायचा. तो मिनार आजही जुन्या शहरात उभा आहे.

आता खरा मोलाचा काळ. १७५७ मध्ये छ्येनलाँग बादशहाने हुकूम काढला की युरोपियनांनी व्यापार करायचा तो फक्त कँटनमध्ये. पुढची ८५ वर्षं, १८४२ पर्यंत, पाश्चात्त्य जगाला समुद्रमार्गे चिनी चहा, रेशीम किंवा चिनी मातीची भांडी हवी असली तर याच एका बंदरातून घ्यावी लागत. आणि तीही कुणाकडूनही नाही. सरकारने परवाना दिलेल्या मोजक्या व्यापारी पेढ्या होत्या, त्यांना 'हाँग' म्हणत. बोलताना तेरा हाँग म्हणायचे, प्रत्यक्षात आकडा कमी-जास्त होई.

ही व्यवस्था जवळून पाहिली तर आजचं ग्वांगझूही कळतं, म्हणून तपशिलात सांगतो. परदेशी जहाज नदीत शिरलं की ह्वांगपू इथे नांगर टाकायचं. शहरापर्यंत यायची परवानगी नव्हती. जकातीचा अधिकारी जहाजाची लांबी-रुंदी मोजून कर ठरवायचा. त्या जहाजासाठी एका हाँग व्यापाऱ्याला जामीन राहावं लागे. जहाजाची जकात बुडली, खलाशांनी दंगा केला, कागदपत्रांत खोट निघाली, तर सरकार धरणार त्या जामीनदाराला. दुभाषे, किराणा पुरवणारे, नदीवरचे वाटाडे, सगळे परवान्याचे. परदेशी व्यापाऱ्यांना शहराच्या तटबंदीबाहेर, नदीकाठच्या वखारींच्या रांगेत राहायला जागा मिळे. तीही फक्त हंगामापुरती. हंगाम संपला की त्यांनी मकाऊला जायचं. बायकांना सोबत आणायला बंदी.

वाचताना ही दडपशाही वाटते, आणि काही अंशी होतीच. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. हजारो मैलांवरून आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाला एकच नाव माहीत असायचं, आणि ते नाव त्याच्या सगळ्या व्यवहाराला जबाबदार असायचं. चहाच्या पेट्या लंडनला उघडल्यावर कुजका माल निघाला तर हाँग व्यापारी पुढच्या हंगामात त्या बदलून देत. या जबाबदारीची एक सामायिक तिजोरीही होती. १७८० पासून परदेशी व्यापारावर सुमारे ३ टक्के पट्टी बसवून निधी उभारला गेला आणि एखादी पेढी बुडाली तर तिची परदेशी देणी त्यातून भागवली जात. १८२९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने बँकांसाठी सुरक्षा निधीचा कायदा केला, तेव्हा त्याची कल्पना मांडणाऱ्या जोशुआ फोरमन यांनी कँटनच्या हाँग व्यापाऱ्यांचा दाखला दिला होता. आपल्या बँकेतल्या ठेवींवर आज विमा असतो. त्याच्या पूर्वजांत कँटनच्या पेढ्या आहेत, ही मला या शहराची फार मोठी देणगी वाटते.

या पेढ्यांमधलं सर्वांत मोठं नाव वू बिंगजियान यांचं. परदेशी त्यांना हौकुआ म्हणत. १८३४ मध्ये त्यांची मालमत्ता सुमारे २ कोटी ६० लाख चांदीचे डॉलर असल्याचा अंदाज होता, त्या काळच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी ते एक. पण बाकी हाँग व्यापाऱ्यांपैकी कित्येक कर्जात बुडाले. एका बाजूला अधिकाऱ्यांच्या मागण्या आणि 'वर्गण्या', दुसऱ्या बाजूला परदेशी सावकारांचं चढं व्याज, अशा कात्रीत ते सापडत. जामीन राहणाऱ्याला धोका सगळ्यात जास्त असतो, हे कँटनच्या इतिहासात पानोपानी दिसतं.

शेवटचा हात फिरवण्याचं म्हणालो, त्याचं उदाहरण चिनी मातीच्या भांड्यांचं. भांडी घडायची जिंगदेझेनला, शेकडो किलोमीटर आत. तिथून ती कोरी पांढरी यायची आणि गिऱ्हाइकाला हवी तशी नक्षी कँटनमध्ये काढली जायची. युरोपातल्या सरदाराला घराण्याचं चिन्ह हवं, तर नमुना कागदावर यायचा आणि इथला चितारी तो ताटावर उतरवायचा. १७६९ मध्ये विल्यम हिकी या इंग्रज प्रवाशाने अशा कारखान्यातली एक लांबलचक खोली पाहिली. तिथे शंभरावर माणसं ओळीने बसून भांडी रंगवत होती, त्यांत म्हातारी माणसं होती आणि लहान मुलंही. नंतर भट्टीत हलकी आच देऊन रंग पक्का करायचा आणि माल जहाजावर. मोठा साठा कोरा ठेवायचा आणि रंगरूप ऑर्डर आल्यावर द्यायचं, ही पद्धत तिथल्या कापड आणि भेटवस्तूंच्या बाजारात आजही जशीच्या तशी चालते.

आपला, म्हणजे मुंबईचा, या शहराशी संबंध इथेच येतो आणि तो सुखद नाही. चहाच्या बदल्यात देण्यासारखं इंग्रजांकडे फारसं नव्हतं, चांदी ओतावी लागे. आधी मुंबईहून कापूस गेला. मग अफू गेली. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता, पण माळव्यातली अफू पिकायची शिंदे-होळकरांच्या मुलुखात. ती उज्जैन-इंदूरच्या सावकारांच्या पैशावर मुंबईमार्गे किंवा पोर्तुगिजांच्या दमणमार्गे निघायची. चीनमध्ये ती बेकायदा होती, म्हणून कँटनपर्यंत न जाता खाडीच्या तोंडाशी लिंगडिंग बेटाजवळ उभ्या जहाजांवर चोरून उतरायची. या व्यापारात मुंबईच्या पारशी, गुजराती, मारवाडी पेढ्या होत्या, बगदादी ज्यू होते. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी स्वतः अनेकदा चीनला गेले आणि पुढे जार्डिन मॅथिसन या इंग्रज कंपनीचे मोठे व्यापारी सहकारी झाले. जे.जे. रुग्णालय, जे.जे. कलाशाळा, लेडी जमशेटजींनी बांधून घेतलेला माहीमचा कॉजवे यांच्या पायात चीनच्या व्यापाराचा पैसा आहे. या संस्थांनी केलेलं भलं खरं आहे आणि दक्षिण चीनमध्ये अफूने उद्ध्वस्त झालेली घरंही तितकीच खरी आहेत. मुंबईकराने ग्वांगझूला जाताना या दोन्ही गोष्टी सोबत न्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. ह्वांगपूजवळच्या चांगझोउ बेटावर आजही जुनी पारशी दफनभूमी आहे. घरापासून इतक्या दूर वारलेल्या आपल्याच गावच्या माणसांच्या कबरी तिथे आहेत.

१८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वखारींची कोंडी करून २० हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेतली आणि हुमेनला नदीकाठी चर खणून, मीठ-चुना घालून नष्ट केली. त्यात मुंबईच्या पेढ्यांचा मालही होता. मग इंग्रजांशी युद्ध झालं, तेच पहिलं अफू युद्ध. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' युद्धनौकेवर झाला, ती वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेली होती. तहात चीनवर २ कोटी १० लाख डॉलरचा दंड बसला, त्यातले ३० लाख हाँग व्यापाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांपोटी. हाँग व्यवस्था बंद झाली, आणखी चार बंदरं उघडली, हाँगकाँग इंग्रजांना मिळालं.

त्यानंतरची शंभर वर्षं कँटनसाठी ओहोटीची. चहा आणि रेशीम पिकतं त्या मुलुखाला शांघाय जवळचं, त्यामुळे व्यापार तिकडे सरकला. १८५६ मध्ये दुसऱ्या अफू युद्धात नदीकाठच्या वखारी जळून खाक झाल्या. इंग्रज-फ्रेंचांनी शेजारच्या शामियान बेटावर आपली वसाहत थाटली. लाखो लोक कामासाठी आग्नेय आशियात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेले. हे लोक पुढे फार उपयोगी पडले. गावी पैसा पाठवत राहिले, नाती टिकवत राहिले, आणि शे-सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच नातवंडांनी इथे पहिले कारखाने काढले. मराठी वाचकांसाठी याच काळातली एक नोंद: सप्टेंबर १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह भारतीय वैद्यकीय पथक चीनमध्ये उतरलं ते ग्वांगझूलाच. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हाती पडलं.

१९४९ नंतर चीन जगापासून जवळजवळ तुटला होता आणि परकीय चलनाची चणचण होती. तेव्हा सरकारला आठवण झाली ती याच शहराची. हाँगकाँग जवळ, परदेशी लोकांची सवय जुनी. १९५७ च्या वसंतात इथे पहिला निर्यात मेळा भरला, तोच आजचा कँटन फेअर. पहिल्या खेपेला १९ देश-प्रदेशांतून बाराशेच्या आसपास खरेदीदार आले. तेव्हापासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तो भरत आला आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळातही तो थांबला नाही. करोनात तो काही खेपा ऑनलाइन झाला आणि २०२३ पासून पुन्हा पूर्ण भरतो. आता एका खेपेला दोन लाखांहून जास्त परदेशी खरेदीदार येतात. हा मेळा भरतो पाझोउला. तिथला जुना पॅगोडा पाहून अठराव्या शतकातले कप्तान ह्वांगपूचा नांगरतळ जवळ आल्याचं ओळखायचे.

१९७८ नंतर चीनने दारं उघडली तशी गुआंगदोंगची, म्हणजे ग्वांगझू ज्या प्रांताची राजधानी आहे त्याची, भरभराट झाली, हे सर्वांना माहीत आहे. १९८४ मध्ये ग्वांगझू खुल्या केलेल्या १४ किनारी शहरांत आलं. हाँगकाँगच्या मालकांनी भांडवल, यंत्रं आणि ऑर्डरी आणल्या, आजूबाजूच्या खेड्यांनी जमीन दिली, आतल्या प्रांतांतून मजूर आले. मात्र कारखाने मुख्यतः सभोवार पसरले आणि एकेका गावाने एकेक धंदा धरला. फोशानला टाइल्स आणि सिरॅमिक, त्याच्याच शुंदे भागात घरगुती उपकरणं आणि लेकाँगला फर्निचर, झोंगशानमधल्या गुझेनला दिवे, ग्वांगझूच्याच हुआदू भागातल्या शिलिंगला चामड्याच्या बॅगा, पान्यूला दागिने घडवणं. पान्यूत आपल्याकडचे हिरे व्यापारीही भेटतात, सुरत-मुंबईत पैलू पाडलेला हिरा तिथे कोंदणात बसतो. फोशान तर ग्वांगझूशी मेट्रोनेच जोडलेलं आहे.

आजचे आकडे थोडक्यात. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांवर. २०२३ मध्ये शहराचं वार्षिक उत्पन्न ३ लाख कोटी युआनच्या पुढे गेलं. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा: व्यापार, वाहतूक, वित्त, शिक्षण, दवाखाने. उद्योगांत सर्वांत मोठा मोटारींचा. होंडा, टोयोटा, निस्सान या जपानी कंपन्यांशी भागीदारीत इथे गाड्या बनतात आणि २०२३ मध्ये ३१ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पण चिनी गिऱ्हाईक झपाट्याने विजेच्या गाड्यांकडे वळलं आणि जपानी पेट्रोल गाड्यांची विक्री आटली, त्यामुळे पुढच्याच वर्षी उत्पादन बरंच घसरलं. आयऑन आणि एक्सपेंग हे विजेच्या गाड्यांचे मोठे ब्रँड याच शहरातले आहेत, पण जुन्या कारखान्यांची भरपाई अजून त्यांनी केलेली नाही. शेनझेन उत्पन्नात आधीच पुढे गेलं होतं, २०२४ मध्ये चोंगकिंगही गेलं. स्थानिक माणसाशी चहा घेताना हा विषय हमखास निघतो आणि त्याच्या बोलण्यात काळजी असते. नान्शा हे त्यांचं नवं कंटेनर बंदर मात्र जोरात आहे. ग्वांगझू बंदरातून वर्षाला अडीच कोटी टीईयूंच्या (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर) वर कंटेनरची ये-जा होते.

आकड्यांत न दिसणारं ग्वांगझू घाऊक बाजारांत दिसतं. जुन्या वखारींच्या जागेजवळ आजही शिसानहांग, म्हणजे 'तेरा हाँग' याच नावाचा तयार कपड्यांचा घाऊक बाजार आहे. पहाटे सुरू होतो. काळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेले गठ्ठे, हातगाड्या, ओरडणारे हमाल. दुपारी एक-दोनपर्यंत सगळं आवरलेलं. यीदे रस्त्याला खेळणी, सजावटीच्या वस्तू आणि तिथेच वाळवलेल्या मासळीची दुकानं. रेल्वे स्टेशनजवळ बाइमा आणि झानशी भागात कपडे, बूट, घड्याळं. फांगछुनला चहा. शाओबेई भागात आफ्रिकी व्यापाऱ्यांची वस्ती.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते झोंगदा कापडबाजाराने. सुन यत्सेन विद्यापीठाच्या दाराशी १९८० च्या दशकात काही फेरीवाले तागे घेऊन बसायचे, तिथून वाढत वाढत तो आज हजारो गाळ्यांचा झाला. गाळ्यात ताग्यांपेक्षा जास्त दिसतात ती नमुन्यांची कार्डं. हातभर लांबीच्या पट्ट्यांवर एकाच कापडाच्या चाळीस-पन्नास छटा चिकटवलेल्या. तुम्ही छटेवर बोट ठेवायचं, मालक फोन करतो, आणि गोदामातून विजेच्या तीनचाकीवर तागा येतो. बाजाराला लागूनच कांगले आणि लुजियांग ही शहराने गिळलेली खेडी. इमारती इतक्या चिकटून की वरच्या मजल्यांवरून हात पुढे केला तर समोरच्या खिडकीला लागेल. तळमजल्यापासून वरपर्यंत शिलाई मशिनं. सकाळी रस्त्याच्या कडेला छोटे मालक एका हातात तयार फ्रॉक आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन ओळीने उभे असतात. कारागीर, बहुतेक हुबेई प्रांतातले, चालत येतात. फ्रॉक हातात घेतात, उलटा करतात, काखेची शिवण ओढून पाहतात, गळ्याची पट्टी किती अवघड आहे त्याचा अंदाज घेतात, आणि नगाचा दर सांगतात. मालक एक आकडा सांगतो, कारागीर मान हलवतो किंवा पुढच्या पाटीकडे जातो. ज्या दिवशी ऑर्डरी जास्त, त्या दिवशी दर चढा. एवढ्या उघड्यावर, एवढ्या चोख तऱ्हेने मजुरीचा भाव ठरताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

सकाळी डिझाइन, दुपारी कापड, रात्री शिवून तयार, हा वेग या शेजारामुळेच येतो. ऑनलाइन स्वस्त कपडे विकणाऱ्या शीइन कंपनीने हाच वेग पकडला. तिने पुरवठ्याचा तळ पान्यूत हलवला आणि आधी शंभर-दोनशे नगांची छोटी ऑर्डर द्यायची, मोबाइलवर विक्री कशी होते ते पाहून पुढची द्यायची, असा धंदा जगभर नेला. यात नवी होती ती फोनवरून येणारी मागणीची माहिती. बाकी सगळं या गल्ल्यांत आधीपासून होतं. पण मे २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी चिनी मालासाठी काढून घेतली, तेव्हा त्याची झळ या गल्ल्यांपर्यंत पोचली. शिवाय महापालिका कांगले-लुजियांगमधले शिलाई कारखाने शेजारच्या छिंगयुआनला हलवत आहे. त्या इमारतींतली हवा, आगीचा धोका, कामाचे तास पाहता सुधारणा हवीच आहे, यात मला शंका नाही. माझी भीती एवढीच की कापडबाजार इथे आणि शिलाई सत्तर-ऐंशी किलोमीटरवर गेली, तर पाच मिनिटांत मिळणारं बटण मिळायला अर्धा दिवस लागेल, आणि या भागाचा वेग त्या पाच मिनिटांतच आहे.

आता तुमच्या खरेदीचं. पहिली गोष्ट, समोरचा गाळेवाला कारखानदार आहे की आडत्या, हे समजून घ्या. आडत्या असणं वाईट नाही. पन्नास प्रकारचा थोडाथोडा माल हवा असेल तर तोच कामाचा, कारण कारखाना तुमची छोटी ऑर्डर घेणारच नाही. फक्त 'मीच बनवतो' असं तो सांगत असेल तर त्याच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर १८ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो आणि परवान्यात धंद्याचं क्षेत्र लिहिलेलं असतं: उत्पादन की व्यापार. कुणा चिनी येणाऱ्याकडून वाचून घ्या. इसार साधारण ३० टक्के देतात, उरलेले माल चढवण्याआधी. पैसे परवान्यावरच्या कंपनीच्याच खात्यात जायला हवेत. कुणाच्या वैयक्तिक खात्यात, नात्यातल्या माणसाच्या खात्यात भरा असं सांगितलं तर तिथेच थांबा. उरलेली रक्कम देण्याआधी माल कुणीतरी प्रत्यक्ष उघडून तपासलाच पाहिजे, स्वतः किंवा पैसे देऊन नेमलेल्या तपासनिसाने. हाँग व्यापाऱ्याची जामीनकी आज नाही. ती जागा आता तुमच्या तपासणीनेच भरून काढायची आहे.

दर ठरवताना तो कुठपर्यंतचा हे विचारा. गाळ्यातला, बंदरापर्यंतचा, की न्हावाशेवापर्यंतचा? करासह की कराविना? या एका गोंधळात नवख्यांचा नफा जातो. आपल्याकडचे नियम निघण्याआधी पाहा. उदाहरणार्थ खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि आयात शुल्क २०२० मध्ये ६० टक्के, २०२३ मध्ये ७० टक्के झालं. यीदे रस्त्यावर स्वस्त दिसलेली बाहुली न्हावाशेव्याला अडकून पडते ती यामुळे. इतरही अनेक वस्तू गुणवत्ता आदेशांखाली आलेल्या आहेत, त्यामुळे वस्तूचा एचएस कोड (कस्टमचा वर्गीकरण क्रमांक) काढून कस्टम एजंटला आधी विचारा.

मेळ्याला जायचं तर तो तीन टप्प्यांत असतो, प्रत्येक पाच दिवसांचा. वसंतातला १५ एप्रिलपासून, शरदातला १५ ऑक्टोबरपासून. पहिल्या टप्प्यात यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स, हार्डवेअर. दुसऱ्यात घरगुती वस्तू, भेटवस्तू, फर्निचर, बांधकामाचं सामान. तिसऱ्यात कपडे, घरगुती कापड, खेळणी, स्टेशनरी. कापडवाल्याने पहिल्या टप्प्याचं तिकीट काढलं तर फेरी फुकट जाते. दिवाळीचा माल हवा असेल तर एप्रिलमध्येच ठरवा, ऑक्टोबरमध्ये ठरवलेला माल दिवाळी उलटल्यावर येणार. चिनी नववर्षाच्या आधी-नंतर मिळून महिनाभर काम थंडावतं, कारागीर गावी जातात आणि सगळे परततात असंही नाही. डिसेंबरअखेरीस दिलेली ऑर्डर त्यात सापडली की मार्चपर्यंत विसरा. २०२० पासून बंद असलेली भारतातून थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकात्याहून सुरू झाली, त्यानंतर दिल्लीहूनही. मुंबईकरांना अजून वळसाच घ्यावा लागत असेल तर हाँगकाँगला उतरून रेल्वेने जाणंही सोपं पडतं.

मेळ्यात पहिले दोन दिवस फक्त पाहा, दर विचारा, कार्डं घ्या. तिसऱ्या दिवशी शहरातल्या त्याच मालाच्या घाऊक बाजारात जा आणि तिथले दर ताडून पाहा. ज्याच्याशी व्यवहार करावासा वाटतो त्याचा कारखाना फोशानला असो वा शिलिंगला, तिथे जाऊन मशिनं चालू आहेत का, तुमच्या नमुन्यासारखा माल पट्ट्यावर आहे का, हे डोळ्यांनी बघा. आणि पहिली ऑर्डर छोटी द्या. ग्वांगझूच्या व्यापाऱ्याला छोट्या पहिल्या ऑर्डरीचा राग येत नाही, दुसऱ्या ऑर्डरीला तुम्ही पुन्हा त्याच्याकडेच आलात की त्याचा दर आणि बोलणं दोन्ही बदलतात.